‘पेर्सोना’ : व्याकरणात आणि न्यायालयात

माणसांप्रमाणे शब्दांनाही पोटापाण्याचे व्यवसाय असतात. काही शब्द जन्मभर एकाच घरी राबतात. काही मात्र सकाळी एका दारी आणि दुपारी दुसऱ्या दारी कामाला जातात. आपल्या मराठीत व्याकरणाच्या तासाला जो ‘पुरुष’ भेटतो, तो न्यायालयाच्या पायऱ्या चढत नाही. तेथे त्याच्या जागी ‘व्यक्ती’ उभी असते. ‘मी’, ‘तू’, ‘तो’ यांचा विचार करावयाचा तर प्रथम, द्वितीय आणि तृतीय पुरुष. हक्क कोणाचा, कर्ज कोणाचे, अपराध कोणाचा, याचा निवाडा करावयाचा तर व्यक्ती. दोन कामे आणि त्यांसाठी दोन शब्द. स्पॅनिश बोलणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या शाळेच्या फळ्यावर आणि त्यांच्या न्यायाधीशाच्या मेजावर या दोन्ही कामांसाठी एकच शब्द आहे. तो शब्द म्हणजे ‘पेर्सोना’.

या शब्दाविषयी चार गोष्टी विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या घरच्या वाचकांस सांगाव्यात, असे आम्हांस वाटले. शब्द परका असला तरी त्याचे गणगोत आपल्या ओळखीचे आहे. स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज. ती गोमंतकात साडेचारशे वर्षे राज्यकारभाराची भाषा होती. तिच्या तोंडी हाच शब्द ‘पेसोआ’ असा झाला. १८६७ सालचा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला, आणि विवाह व पतिपत्नींची मालमत्ता यांविषयीचे त्यातील नियम १९६१ च्या मुक्तीनंतर आजतागायत येथे चालत आले आहेत. त्या कायद्याचा आरंभच हक्क व कर्तव्ये कोणास असू शकतात या प्रश्नाने होतो. तेव्हा धाकट्या बहिणीच्या घरची ओळख असणाऱ्याने थोरल्या बहिणीच्या अंगणात डोकावण्यास हरकत नसावी.

आधी बाजारात आणि घरात चालणारा अर्थ पाहू. स्पॅनिश माणूस आपल्या शेजाऱ्याची स्तुती करताना ‘बुएना पेर्सोना’ म्हणतो. आमच्या कोंकणीत ‘बरो मनीस’ म्हणतात, तसेच हे. ‘एन पेर्सोना’ म्हणजे जातीने हजर. वयस्क स्त्रीपुरुषांस आदराने ‘पेर्सोना मायोर’ म्हणावयाची चाल आहे. स्पेनमध्ये कित्येक जण थट्टेने असेही म्हणतात की सकाळची कॉफी पोटात गेल्याशिवाय आपण ‘पेर्सोना’ होतच नाही! थट्टा असली तरी तिच्यात एक खूण आहे. केवळ श्वास घेणारा देह म्हणजे पेर्सोना नव्हे; चार लोकांत बोलण्याचालण्यास, जबाबदारी उचलण्यास जो सिद्ध झाला, तो पेर्सोना. हा भेद पुढे न्यायालयात फारच गंभीर रूप घेतो.

या शब्दाची आणखी एक मौज आहे. स्पॅनिशमध्ये ‘पेर्सोना’ हे नाम सदैव स्त्रीलिंगी असते. बोलणे दाढीमिशांच्या पहिलवानाविषयी चालले असले तरी त्याला जोडलेली विशेषणे स्त्रीलिंगीच लावावी लागतात. हे वाचून आपल्याला हसू येईल. पण आपण तरी काय करतो? ‘ती व्यक्ती आली’ असेच म्हणतो, मग आलेले गृहस्थ कोणीही असोत. उलट मराठी व्याकरणात एखादी मुलगी ‘मी जाते’ म्हणाली, तरी तिचे सर्वनाम प्रथम ‘पुरुषी’च ठरते! शब्दाचे लिंग आणि माणसाचे लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा दोन्ही भाषा आपापल्या रीतीने देतात.

हा शब्द आला कोठून? स्पॅनिशने तो आपल्या आईकडून, म्हणजे लॅटिनकडून घेतला. लॅटिनमध्ये ‘पेर्सोना’ म्हणजे नाटकातला मुखवटा. रोमन रंगभूमीवर नट मुखवटा चढवीत आणि त्यावरून प्रेक्षक पात्र ओळखीत. कोंकणात आणि गोव्यात दशावतारी खेळ पाहणाऱ्यांस हे समजावून सांगावयास नको. गणपतीचा मुखवटा एकदा चढला की त्यामागे गावातला कोण आहे, हे कोणी विचारीत नाही. त्याला गणपतीचाच मान मिळतो. एका जुन्या रोमन पंडिताने या शब्दाची फोड अशी केली होती की ‘पेर’ म्हणजे आरपार आणि ‘सोनारे’ म्हणजे घुमणे. ज्यातून नटाचा आवाज आरपार घुमतो, तो मुखवटा. फोड रम्य आहे, परंतु दोन्ही शब्दांतील ‘ओ’ स्वराची लांबी जुळत नसल्याने आजचे भाषाशास्त्रज्ञ ती मान्य करीत नाहीत. इटलीत तार्क्वीनिया येथील एका प्राचीन एत्रुस्कन थडग्याच्या भिंतीवर मुखवटा घातलेल्या एका आकृतीजवळ ‘फेर्सु’ अशी अक्षरे आहेत. लॅटिन शब्दाचे मूळ तेथे असावे, असे बहुतेकांस वाटते.

मुखवट्यावरून भूमिका आणि भूमिकेवरून जगाच्या व्यवहारातील माणसाचे स्थान, असा अर्थाचा प्रवास झाला. येथे वाट दुभंगली. एक फाटा व्याकरणाकडे गेला आणि दुसरा कायद्याकडे.

व्याकरणाचा फाटा आधी धरू. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात वार्रो नावाच्या रोमन विद्वानाने सांगून ठेवले की पेर्सोना तीन आहेत: बोलणारा, ज्याच्याशी बोलावयाचे तो, आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो. म्हणजे संभाषण हेही एक नाटक, आणि त्यात तीनच भूमिका. नट बदलत राहतात, भूमिका मात्र त्याच. आता आम्ही बोलत आहोत, म्हणून आम्ही पहिल्या भूमिकेत. क्षणभराने विद्यार्थ्याने हात वर करून प्रश्न विचारला की ती भूमिका त्याची. ‘मी’ हे कोणा एकाचे नाव नव्हे. बोलण्यास जो उभा राहील, त्याला काही काळ मिळणारी ती जागा आहे.

१४९२ साली अंतोनियो दे नेब्रिहा याने कॅस्टिलियन म्हणजे स्पॅनिश भाषेचे व्याकरण छापले, तेव्हा ही लॅटिन परिभाषा स्पॅनिशमध्ये कायमची रुजली. स्पॅनिश क्रियापदे पेर्सोना आपल्या शेपटातच वागवितात. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, ‘आब्लास’ म्हणजे तू बोलतोस, ‘आब्ला’ म्हणजे तो किंवा ती बोलते. सर्वनाम उच्चारले नाही तरी चालते. आपण ‘जातोस का?’ एवढेच विचारतो, तसे. आणि द्वितीय पुरुषाचे एकवचनी सर्वनाम तर स्पॅनिशमध्येही ‘तू’च आहे! हा निव्वळ योगायोग नव्हे. दोन्ही भाषा एकाच प्राचीन कुळातल्या असल्याची ती खूण आहे.

संस्कृत शिकणाऱ्या मुलांची येथे नेहमी एक तारांबळ उडते. मराठीच्या तासाला ‘मी’ हा प्रथमपुरुष. संस्कृतच्या तासाला ‘सः’ हा प्रथमपुरुष आणि ‘अहम्’ हा उत्तमपुरुष. पाणिनीच्या परंपरेने मोजणी ‘तो’पासून सुरू केली, रोमनांनी ती ‘मी’पासून केली. आपल्या शालेय मराठी व्याकरणाचा क्रम रोमनांसारखा आहे. मोजणी कोठूनही केली तरी जागा तीनच राहतात. पण ‘तो’ या जागेचे इतर दोघांशी नाते काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे; त्याकडे आपणांस पुढे वळावयाचे आहे.

स्पॅनिश माणसाने या तीन जागांत एक सुरेख अदलाबदल करून ठेवली आहे. वडीलधाऱ्यांस अथवा परक्या गृहस्थांस ‘तू’ म्हणणे त्याला प्रशस्त वाटेना. म्हणून तो ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असे म्हणू लागला. बोलताना झिजत झिजत त्याचे ‘उस्तेद’ झाले. मूळ शब्द ‘कृपा’, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी. ऐकणारा मात्र समोर बसलेला. म्हणजे माणूस दुसऱ्या जागेवर आणि व्याकरण तिसऱ्या जागेवर. आपल्याकडे ‘साहेबांनी बसावे’, ‘आईसाहेब काय म्हणतात?’ असे समोरच्यालाच विचारण्याची रीत होती, तिच्यातही हीच भावना आहे. आदर म्हणजे थोडे अंतर राखणे. ते अंतर भाषा ‘तू’ला ‘तो’ करून राखते.

आता कायद्याकडे वळू. रोमन कायदेपंडित गायुस याने सर्व कायद्याचे तीन भाग केले: व्यक्ती, वस्तू आणि दावे. दिसावयास ही विभागणी साधी आहे, परंतु माणसाचे सारे भवितव्य तिच्यात सामावले होते. ज्याची गणना व्यक्तींत, तो घर विकत घेऊ शकतो. ज्याची गणना वस्तूंत, तो स्वतःच विकला जातो. गुलाम बोलत असे, रडत असे, ‘मी’ हा शब्द उच्चारीत असे. व्याकरणाने त्याला प्रथम पुरुष केव्हाच देऊन टाकला होता. बाजारात मात्र त्याला किंमत लावली जाई. हे केवळ रोमपुरते नव्हते. स्पेनच्या ताब्यातील क्यूबा बेटावर गुलामगिरी संपावयास १८८६ साल उजाडावे लागले. व्याकरणातील पेर्सोना आणि कायद्यातील पेर्सोना यांच्यातील अंतर किती जीवघेणे असू शकते, याचे हे उदाहरण.

या दोन्ही दरबारांत एकाच वेळी अधिकाराने वावरलेला एक पुरुष स्पॅनिश जगात होऊन गेला. त्याचे नाव आंद्रेस बेल्यो. व्हेनेझुएलातील काराकास येथे १७८१ साली त्याचा जन्म झाला. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार लहान असताना काही काळ बेल्योने त्याला शिकविले. १८१० मध्ये स्वातंत्र्याच्या शिष्टमंडळाबरोबर तो लंडनला गेला आणि तेथे एकोणीस वर्षे त्याने हलाखीत, पण ग्रंथांच्या सहवासात काढली. १८२९ मध्ये चिली देशाने त्याला बोलावून घेतले. तेथील विद्यापीठाचा तो पहिला कुलगुरू झाला आणि १८६५ साली सांतियागो येथेच वारला.

या बेल्योने १८४७ मध्ये अमेरिकेतील स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी स्पॅनिश भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. रोमन साम्राज्य कोसळल्यावर लॅटिनची शकले झाली, तशी नव्या स्वतंत्र देशांत स्पॅनिशची होऊ नयेत, ही त्याची तळमळ होती. त्याच हाताने त्याने चिलीचा नागरी कायदा लिहिला. १८५५ च्या डिसेंबरात तो मंजूर झाला आणि १८५७ च्या पहिल्या दिवसापासून अमलात आला. पुढे एक्वादोर, कोलंबिया, एल साल्वादोर इत्यादी देशांनी त्याचाच कित्ता गिरविला. एका पुस्तकात ‘पेर्सोना’ म्हणजे बोलणारा, ऐकणारा आणि ज्याविषयी बोलले जाते तो. दुसऱ्या पुस्तकात ‘पेर्सोना’ म्हणजे हक्क व कर्तव्ये धारण करणारा. लेखक एकच, शब्द एकच.

व्याकरणकाराने लिहिलेला कायदा कसा असतो, हे पाहण्यासारखे आहे. कायद्यातील शब्दांचा अर्थ लोक सर्वसाधारणपणे ज्या स्वाभाविक अर्थाने ते वापरतात त्या अर्थाने घ्यावा, अशी आज्ञा त्यात आरंभीच आहे. कायद्याने स्वतः व्याख्या दिली असेल तेवढा अपवाद. पंचविसाव्या कलमात तर शुद्ध व्याकरणाचाच धडा आहे. ‘मनुष्य’, ‘पेर्सोना’, ‘मूल’ अशा सर्वसाधारण शब्दांत स्त्री आणि पुरुष दोघेही येतात. परंतु ‘स्त्री’, ‘मुलगी’, ‘विधवा’ अशा शब्दांत पुरुष येत नाहीत, जोवर कायदा तसे स्पष्ट म्हणत नाही. पंचावन्नाव्या कलमाने वय, लिंग, कुळ अथवा सामाजिक स्थिती यांचा विचार न करता मनुष्यजातीतील एकूण एकास पेर्सोना ठरविले. सत्तावन्नाव्या कलमाने नागरी हक्क मिळविण्यात व भोगण्यात चिलीचा नागरिक आणि परदेशी यांत भेद केला नाही. ज्या देशाने गुलामगिरी १८२३ मध्येच नष्ट केली होती, त्याला शोभेल असेच हे लिखाण होते.

हाडामांसाच्या माणसांशिवाय आणखी एका जातीची पेर्सोना कायदा ओळखतो. संस्था, महामंडळे, धर्मादाय निधी यांना देह नाही. तरी त्या जमीन घेतात, कर्ज काढतात, दावा लावतात. बेल्योच्या कायद्याने अशांना कल्पित व्यक्ती म्हटले. आपल्या भारतातही १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनी व मंडळी येतात. स्पॅनिश देशांत या दोन जातींची नावे मात्र गावोगाव बदलतात. हाडामांसाच्या माणसास चिली आणि कोलंबियात ‘नैसर्गिक’ पेर्सोना म्हणतात, स्पेन आणि मेक्सिकोत ‘भौतिक’. आर्जेंटिनाने २०१५ पासून लागू केलेल्या नव्या नागरी कायद्यात ‘मानवी’ हे विशेषण पसंत केले. संस्थेला बहुतेक ठिकाणी ‘कायदेशीर’ पेर्सोना म्हणतात. मेक्सिकोत मात्र तिला ‘नैतिक’ पेर्सोना म्हणण्याची चाल आहे, आणि आमच्या गोव्यात आलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज कायद्यातही हेच विशेषण होते. नैतिक म्हणजे सदाचारी नव्हे, केवळ देह नसलेली. अन्यथा साऱ्याच कंपन्यांना नीतिमत्तेचे प्रशस्तिपत्रक फुकट मिळाले असते!

परंतु सुंदर व्याख्या लिहिली म्हणजे न्याय झाला, असे नाही. बेल्योच्याच पुस्तकांचे पाहा. त्याच्या व्याकरणात कोणतीही स्त्री ‘यो कोम्प्रो’, म्हणजे ‘मी विकत घेते’, हे वाक्य निर्दोषपणे म्हणू शकत होती. त्याच्या कायद्यात मात्र विवाहित स्त्रीला पतीच्या परवानगीवाचून सर्वसाधारणपणे करार करता येत नसे किंवा न्यायालयात उभे राहता येत नसे. ती पेर्सोना होती हे खरे. पण तिच्या वाक्याचे क्रियापद दुसऱ्याच्या सहीवाचून पुरे होत नव्हते. चिलीत ही अक्षमता दूर व्हावयास १९८९ साल यावे लागले, आणि स्पेनमध्ये पतीच्या परवानगीचे बंधन १९७५ मध्ये गेले. आज साठीसत्तरीच्या असलेल्या तेथील कित्येक स्त्रियांनी हे बंधन स्वतः अनुभवले आहे. मठात जाऊन कायमचे व्रत घेणाऱ्यांची गोष्ट त्याहून विचित्र. चिलीच्या कायद्याने त्यांना जिवंतपणीच ‘नागरी मृत्यू’ येतो असे मानले होते. ते कलम १९४३ मध्ये रद्द झाले. तोवर प्रार्थना म्हणणारा, जेवणारा, बागेला पाणी घालणारा माणूस मालमत्तेच्या हिशेबात मृत होता.

सर्वांत हृदयद्रावक उदाहरण स्पेनचे आहे. तेथील १८८९ च्या नागरी कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे नवजात बालक मातेपासून वेगळे होऊन पुरे चोवीस तास जगले, तरच कायदा त्याला पेर्सोना मानी. पहाटे जन्मलेले मूल रात्री दगावले, तर त्याची नोंद जन्मलेल्यांच्या पुस्तकात होत नसे. गर्भातच गेलेल्यांच्या वेगळ्या कागदांच्या गठ्ठ्यात होई. आईने त्याचे रडणे ऐकलेले असे, बापाने त्याला हातात घेतलेले असे. कायद्याच्या लेखी मात्र ते कोणीच नव्हते. या नियमाचे मूळ वारसाहक्काचे तंटे टाळण्यात होते, पण तंटे टाळण्याची किंमत कोणी दिली? २०११ मध्ये हे कलम बदलले. आता जिवंत जन्मून मातेपासून वेगळे होताक्षणीच बालक पेर्सोना ठरते. कायद्याच्या पुस्तकातील एका ओळीने किती घरांतील दुःखाला नाव मिळाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता ‘तो’कडे, म्हणजे तिसऱ्या जागेकडे, वळू. स्पॅनिशमध्ये ‘तेर्सेरो’ म्हणजे तिसरा. करार दोघांत झाला की त्याबाहेरचा जो कोणी, तो कायद्यात ‘तेर्सेरो’. आपला ‘तिऱ्हाईत’ हा शब्द अगदी याच घडणीचा आहे: जो तिसरा, तो परका. अरबी वैयाकरणांनी तर बोलणारा, संबोधिलेला आणि ‘गाइब’, म्हणजे अनुपस्थित, अशीच तीन पुरुषांची नावे ठेवली. मराठीतला ‘गायब’ तो हाच. एमील बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषापंडिताने १९४६ मध्ये या नावावर बोट ठेवून प्रतिपादन केले की तृतीय पुरुष हा खरे पाहता पुरुषच नव्हे. ‘मी’ आणि ‘तू’ एकमेकांशी बोलतात, जागा बदलतात. ‘तो’ मात्र बोलत नाही, त्याच्याविषयी बोलले जाते. दगड, झाड, पाऊस, गुलाम, सारे ‘तो’ या एकाच जागी बसविता येतात.

व्याकरण आणि कायदा यांची गाठ आमच्या मते येथे पडते. कायद्याने एखाद्यास पेर्सोना म्हणणे म्हणजे त्याला तिसऱ्या जागेवरून उठवून पहिल्या जागेवर आणणे. ज्याच्याविषयी इतर ठरवीत होते, त्याला स्वतः ‘हे माझे आहे’, ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणता येणे. गुलाम, विवाहिता, व्रतस्थ, एका दिवसाचे बालक या सर्वांविषयी कायदा बोलत होता. त्यांच्याशी, त्यांच्याकडून, त्यांच्या वतीने बोलत नव्हता.

ज्याला वाचाच नाही, त्याचे काय? हाही प्रश्न स्पॅनिश देशांनी अलीकडे हाती घेतला आहे. कोलंबियाच्या चोको प्रदेशातील आत्रातो नदी सोन्याच्या बेकायदा खाणींमुळे आणि त्यांतील पाऱ्यामुळे विषारी झाली होती. २०१६ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने ही नदी हक्क धारण करणारी आहे असे ठरवून, शासन आणि काठावरचे समाज यांनी मिळून तिचे पालकत्व करावे, असा आदेश दिला. निकालातील शब्द होता ‘सुहेतो’, म्हणजे व्याकरणातला कर्ता! स्पेनच्या मुर्सिया प्रांतात मार मेनोर नावाचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. शेतांतून वाहून आलेल्या खतांनी त्याचे पाणी इतके बिघडले की २०१९ मध्ये मेलेल्या माशांचा खच किनाऱ्यावर पडला. मुर्सिया विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापिका तेरेसा व्हिसेंते यांच्या पुढाकाराने सहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या, आणि २०२२ च्या कायद्याने त्या सरोवरास कायदेशीर व्यक्तित्व मिळाले. त्याच्या वतीने कोणीही नागरिक न्यायालयात जाऊ शकतो. बुएनोस आइरेसच्या प्राणिसंग्रहालयातील सांद्रा नावाच्या ओरांगउटान माकडिणीस २०१५ मध्ये एका न्यायाधीशांनी ‘मानवेतर पेर्सोना’ म्हणून मान्य केले. २०१९ मध्ये तिला फ्लोरिडातील आश्रयस्थानी हलविण्यात आले.

आपल्याला हे ऐकून फारसे नवल वाटू नये. देवालयातील मूर्ती ही कायद्याने व्यक्ती असून तिच्या इच्छेचाही विचार व्हावा, हे तत्त्व १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली कुटुंबाच्या खटल्यात मान्य केले होते. देव स्वतः साक्षीला येत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी बोलतो. नदीचेही तसेच. येथे ‘पेर्सोना’ हा शब्द पुन्हा आपल्या माहेरी, रंगभूमीवर परततो: मुखवटा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा. म्हणून ज्याने दुसऱ्याच्या वतीने बोलावयाचे, त्याने त्या मुखवट्याआडून स्वतःचा स्वार्थ बोलू नये, एवढी सावधगिरी हवी. पालक, वकील, पुढारी आणि आमच्यासारखे शिक्षक, सर्वांनाच ती लागू आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गातही या तीन जागा रोज मांडल्या जातात. एखादा मुलगा समोर बसलेला असता ‘त्याला काही येत नाही’, ‘ती असलीच आहे’ असे आपण बोलतो, तेव्हा त्याला आपण तिऱ्हाईत करतो. त्याच्याकडे वळून ‘तुला काय वाटते?’ असे विचारले की तो दुसऱ्या जागेवर येतो. आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतले की पहिल्या जागेवर. यासाठी कायद्याचे पुस्तक लागत नाही, वकील लागत नाही. व्याकरणाची जी तीन घरे तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता, त्यांत कोणाला कायमचे तिसऱ्याच घरात डांबून ठेवले जात नाही ना, एवढे पाहत गेले म्हणजे पुरे.

शेवटी एक लहानशी गोष्ट. स्पॅनिशमध्ये ‘आम्ही’ला ‘नोसोत्रोस’ म्हणतात. हा शब्द ‘नोस’ आणि ‘ओत्रोस’ मिळून झाला. ‘ओत्रोस’ म्हणजे इतर. ‘आम्ही’ म्हणताना इतरांपासून वेगळे होण्याची छटा त्या शब्दाच्या जन्मातच आहे, आणि ऐकणारा त्यात आहे की नाही हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. मराठीने मात्र दोन शब्द ठेवले: ऐकणाऱ्यास बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ आणि त्यालाही पोटात घेणारा ‘आपण’. हा सारा लेख लेखकाच्या रूढ रीतीने आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहिला. पण पेर्सोना या शब्दाचा जो अर्थ येथे सांगितला, तो खरा करावयाचा असेल, तर ते काम एकट्या ‘आम्हां’कडून व्हावयाचे नाही. ते आपणच केले पाहिजे.